दोनदा दारापर्यंत गेलो आणि परतलो

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, वय ४३. दीड वर्षापासून सकाळी शाळेत जाण्याआधीही थोडी घ्यावी लागते, नाहीतर खडू धरलेला हात थरथरतो. जिल्ह्याच्या गावी दर गुरुवारी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेची, मीटिंग असते असं कळलं. दोन वेळा एसटीने गेलो. पहिल्यांदा समोरच्या पानटपरीपाशी उभा राहून परत आलो. दुसऱ्यांदा माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील आत जाताना दिसले आणि मी मागे वळलो. बातमी गावात पोचली तर? आणि तिथे जाऊन पुन्हा प्यायलो तर कोणत्या तोंडाने जाऊ? बायको सोबत यायचं म्हणते.
– एक गुरुजी, सांगली जिल्हा

उत्तर : गुरुजी, सगळ्यात आधी त्या थरथरणाऱ्या हाताबद्दल. शरीराला रोजच्या दारूची सवय लागली असेल तर ती एकदम बंद करणं धोक्याचं असतं. दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. म्हणून या आठवड्यातच डॉक्टरांना गाठा आणि सकाळचं पिणं न लपवता सांगा. मीटिंग त्याच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही. मी डॉक्टरांना न विचारता दारू एकदम बंद केली होती. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्यांची रांग दिसायला लागली आणि भावाने उचलून दवाखान्यात नेलं.

आता त्या पालकांबद्दल. ते आत कशासाठी गेले असतील? तुम्ही ज्यासाठी गेला होतात त्यासाठीच. तुमची जेवढी झाकली मूठ, तेवढीच त्यांची. तिथे नुसतं नाव सांगतात. आडनाव, नोकरी, पत्ता कोणी विचारत नाही, आणि आत ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही हा पाळायचा नियम आहे. कधी मोडत नाही अशी खात्री मी देणार नाही, माणसंच ती. पण सकाळी वर्गात तोंडाला येणारा वास पोरांना कळतो, गुरुजी. गावाला कळायचं ते बहुधा आधीच कळलेलं असतं.

मी चिंचवडला फिटर होतो. माझी पहिली मीटिंग एका शाळेच्या खोलीत झाली. पोरांचे बुटके बाक, गुडघे वर येत होते. दाराशेजारचाच बाक धरून बसलो, पळता यावं म्हणून. एक पांढऱ्या केसांचा माणूस उठला, नाव सांगितलं, 'मी बेवडा आहे' म्हणाला आणि गव्हाच्या पोत्यात चपटी लपवायचा तो किस्सा सांगायला लागला. माझीही चपटी गव्हाच्या पोत्यातच असायची. बायको दळण काढताना मी घरात का घुटमळतो, हे त्या माणसाला मी न सांगता माहीत होतं. त्या दिवशी मी काहीच बोललो नाही. नुसतं ऐकलं तरी चालतं, कोणी आग्रह करत नाही. फी नाही, नोंदणी नाही. शेवटी पिशवी फिरते, ज्याला जमेल तो टाकतो. दारू सोडायची इच्छा, एवढी एकच अट.

पुन्हा प्यायलो तर? या संघटनेची सुरुवातच आठवा. १९३५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या ॲक्रन गावी दारू सोडलेला, पण धंद्यात हरलेला बिल नावाचा माणूस, हॉटेलातला बार खुणावत असताना, दुसऱ्या कुणा दारुड्याशी बोलायला मिळावं म्हणून फोन फिरवत बसला. दारूत बुडालेल्या एका सर्जनची, डॉ. बॉबची गाठ पडली. बॉब पंधरा मिनिटं द्यायला तयार होता, बोलणं काही तास चाललं. तरीही पुढे एका वैद्यकीय अधिवेशनाला गेला असता बॉब पुन्हा प्यायलाच. त्याचा शेवटचा पेला १० जून १९३५ चा, आणि संघटना आपला वाढदिवस त्याच तारखेला धरते. म्हणजे घसरून परत आलेल्या माणसाच्या तारखेला. प्यायलात तर पुढच्या गुरुवारी या, आणि 'प्यायलो' म्हणून सांगा.

वहिनींना आणायचं असेल तर आधी फोन करून विचारा. काही मीटिंगा फक्त पिणाऱ्यांच्या असतात, काहींना घरचेही बसू शकतात. घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचे वेगळे गट आहेत. तिथे वहिनींना तुमच्याविषयी नव्हे, स्वतःविषयी बोलता येईल, आणि मला वाटतं त्याची त्यांना तुमच्याइतकीच गरज आहे. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही पत्नींसाठी 'सहचरी' गट चालतो. १९८६ साली सुरू झालेलं हे केंद्र उपचारानंतरचा पाठपुरावाही करतं. सरकारची मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या संकेतस्थळावर गावोगावच्या मीटिंगांची यादी मिळते, पण जागा आणि वेळ बदलत असते, म्हणून निघण्याआधी फोन कराच. ऑनलाइन मीटिंगाही असतात. सुट्टीच्या दिवशी त्या बऱ्या, पण सुरुवातीला माणसांत बसा.

या गुरुवारी पानटपरीपाशी थांबू नका. अर्धा तास आधी पोचा, बाक लावणाऱ्याला 'पहिल्यांदाच आलोय' म्हणा आणि चहाचे कप मांडायला हात द्या. हात थरथरला तरी तिथे कोणी टक लावून बघणार नाही. खरं बोलणं मीटिंग संपल्यावर बाहेर उभ्याउभ्या होतं, तेव्हाच दोघा-तिघांचे फोन नंबर मागून घ्या. तुमच्या गावाची शेवटची एसटी किती वाजता सुटते, ते जातानाच स्टँडवर विचारून ठेवा.