आशा सेविकेने व्यसनमुक्तीचं रीतसर प्रशिक्षण घ्यावं का? कुठून सुरुवात करावी?

ताई, तुम्ही विचारलंय: "मी आशा आहे, बारावी झालेय. गावात दारू आहे, मावा आहे, आता पोरांत गांजाही आलाय. बायका रडत माझ्याकडे येतात. व्यसनमुक्तीचं प्रशिक्षण माझ्या शिक्षणावर मिळेल का, त्यात काय शिकवतात आणि खरंच उपयोग होतो का?"

हो, घ्या. मी आधी गटप्रवर्तक, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख करणारी, होते. गेली अकरा वर्षं व्यसनी माणसं आणि त्यांच्या घरच्यांसोबत समुपदेशनाचं काम करते. त्याआधी दोन वर्षं हेच काम मी नुसत्या तळमळीवर केलं आणि त्या तळमळीपायी एक माणूस जाता जाता वाचला. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

माण तालुक्यातल्या एका वाडीवरचा गवंडी. वय चाळिशीच्या आत. सकाळी उतारा म्हणून थोडी दारू घेतल्याशिवाय त्याच्या हातात थापी स्थिर राहायची नाही. मी आणि त्याची बायको त्याच्या मागे लागलो आणि एकादशीला त्याने माळ घालून दारू सोडली. मी बचत गटाच्या बैठकीत मोठ्या कौतुकाने सांगितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला झटका आला, दातखीळ बसली. घरच्यांनी कांदा हुंगवला. तिसऱ्या रात्री तो घामाने निथळत होता, गोधडीवरच्या मुंग्या झटकत होता. मुंग्या नव्हत्याच. वारलेल्या भावाशी बोलायला लागला तेव्हा कुणी लिंबू उतरवून टाकला, कुणी देवऋषाला बोलवायला निघालं. शेवटी जीपने ग्रामीण रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "दारू कधी बंद केली?" मी म्हटलं, "परवा." ते म्हणाले, "कुणाला विचारून?"

माळेने अनेकांची दारू सुटलेली मी पाहिली आहे, त्यामुळे माळेला दोष देत नाही. चूक माझी होती. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचं शरीर दारूला सरावलेलं असतं. ती अचानक बंद केली की पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. औषधं देऊन तो आठवडा सुखरूप पार पाडता येतो. थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, न देता नुसती ग्लुकोजची सलाईन लावू नये, हेही मला पुढे प्रशिक्षणातच कळलं. आता कुणी "उद्यापासून सोडतो" म्हणालं की मी आधी चार गोष्टी विचारते. रोज पिता का? सकाळी उतारा लागतो का? याआधी सोडली तेव्हा काय झालं? कधी झटका आलाय का? या उत्तरांवरून घरी सोडायची की दवाखान्यात, याचा अंदाज येतो. शंका असेल तर दवाखाना. तुमच्या प्रशिक्षणातून एवढं जरी हाती लागलं, तरी तुमच्या गावात एखादा जीव वाचेल.

दुसरी शिकायची गोष्ट म्हणजे ऐकणं. हे वाचून सोपं वाटतं. माझ्या पहिल्या प्रशिक्षणात दुसऱ्या दिवशी नाट्यरूप सराव होता. शिकवणारे दादा स्वतः बरीच वर्षं दारूपासून दूर होते, ते पिणारा माणूस झाले आणि मी समुपदेशक. नऊ मिनिटांचं रेकॉर्डिंग सगळ्यांसमोर लावलं. त्यातली बहुतेक मिनिटं मीच बोलत होते. "मुलीच्या लग्नाचं बघा", "आईकडे बघा", "तुम्ही एवढे शहाणे". त्या नऊ मिनिटांत ते तीनदा म्हणाले होते, "रात्री झोपच लागत नाही हो ताई", आणि तिन्ही वेळा मी त्यांना लग्नाचंच सांगत होते. मला एकदाही ऐकू आलं नव्हतं. त्या दिवशी मला रडू आलं, कारण गावातल्या किती जणांशी मी असंच बोलले असेन ते एकदम आठवलं.

पुढे या पद्धतीचं नाव कळलं, मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग. विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये ती मांडली. सोडायचं कारण आपण सांगायचं नसतं, ते त्याच्या तोंडून यावं लागतं. मी आता "दारूने काय बरं वाटतं?" हे आधी विचारते. तो दचकतो, कारण हे त्याला आजवर कुणी विचारलेलंच नसतं. अंगदुखी थांबते, झोप येते, बोलायला धीर येतो, असं काहीबाही सांगतो. मग हळूच विचारते, "आणि त्रास काय होतो?" तेव्हा जे निघतं ते माझ्या दहा भाषणांपेक्षा भारी असतं.

मोजमापही शिकवतात. जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे, गुण ० ते ४०. ८ किंवा त्याहून जास्त आले तर पिणं धोक्याच्या वाटेवर आहे असं समजतात. २० किंवा त्याहून जास्त आले की आपल्या पातळीवर थांबायचं नाही, मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं. गावात मात्र "किती घेता?" विचारलं की "थोडी" एवढंच उत्तर येतं. म्हणून मी नव्वदी की क्वार्टर, दिवसाला किती, हातभट्टी असेल तर ग्लास चहाचा की स्टीलचा, असं विचारते.

बारावीच्या शिक्षणाची काळजी करू नका. गोव्यात 'संगाथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये केलेला अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात समुपदेशन करणारे मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते, प्रशिक्षण दिलेली स्थानिक साधी माणसं होती. ज्यांचं पिणं घातक पातळीला गेलंय पण पुरतं हाताबाहेर गेलेलं नाही, अशा ३७७ पुरुषांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारासोबत या समुपदेशकांच्या जास्तीत जास्त चार बैठका मिळाल्या. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते, नुसता नेहमीचा उपचार मिळालेल्यांत २६ टक्के. मागच्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले ४२ टक्के विरुद्ध १८ टक्के. या समुपदेशकांच्या बैठका रेकॉर्ड होत आणि नंतर सगळे एकत्र बसून त्या ऐकत, एकमेकांना गुण देत, चुका सांगत. माझ्या मते सगळी मेख या नंतरच्या बसण्यात आहे. त्यांची समुपदेशनाची पुस्तिका इंग्रजीत आहे आणि मोफत मिळते. कुणाकडून तरी समजून घ्या.

आता कुठे. सर्वात जवळची वाट तुमच्या आरोग्य केंद्रातूनच जाते. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या, म्हणजे गावपातळीवरच्या सरकारी आरोग्य केंद्रांच्या, सेवांमध्ये मानसिक, मेंदूचे आणि व्यसनाचे आजार धरलेले आहेत आणि आशांसाठी त्याची वेगळी प्रशिक्षण पुस्तिका आहे. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना त्या प्रशिक्षणाबद्दल लेखी विचारा. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करतंय, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते सुरू केलं. तिथे कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाची चौकशी करा. नाही जमलं तरी एक दिवस जाऊन या. पेशंटच्या बायकांचा 'सहचरी' गट बसतो तो बघायला मिळाला, तर घरच्यांशी कसं बोलायचं ते तुम्हाला पुस्तकाशिवाय कळेल. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची राष्ट्रीय समाजरक्षा संस्था राज्यांतल्या संस्थांमार्फत प्रशिक्षणं घेते. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेचे ऑनलाइन कार्यक्रम असतात, पण त्यांतले बरेच डॉक्टर, परिचारिका, समाजकार्य शिकलेले यांच्यासाठी असतात, त्यामुळे पात्रता आधी वाचा. आणि पुढे हाच पेशा करायचा ठरवलात, तर कोलंबो प्लॅन या आंतरराष्ट्रीय संघटनेने तयार केलेला युनिव्हर्सल ट्रीटमेंट करिक्युलम, म्हणजे व्यसन उपचाराचा अभ्यासक्रम, आहे. त्याच्या मूळ आठ अभ्यासक्रमांत मेंदूवर होणाऱ्या परिणामापासून संकटात कसं वागायचं आणि कामातली नीतिमत्ता इथपर्यंत सगळं येतं. तो जड आहे. दोन-तीन वर्षं काम केल्यावर घेतला तर डोक्यात बसतो, मलाही तसाच बसला.

कुठलंही प्रशिक्षण निवडताना दोन गोष्टी विचारा. सराव किती तासांचा आहे? गावी परतल्यावर माझ्या केसेस कोण ऐकणार? दोन दिवस भाषणं ऐकून प्रमाणपत्र घेऊन आलात तर तुम्ही पूर्वीसारखंच बोलाल. मी आणि शेजारच्या तालुक्यातल्या तिघी दर गुरुवारी फोनवर तासभर बसतो, नाव न घेता केस मांडतो. हे आम्ही कधी चुकवत नाही.

नावाचं मुद्दाम म्हटलं. गावात गुपित राखणं हे या कामातलं फार अवघड कौशल्य आहे. मी बचत गटात त्या गवंड्याचं कौतुक केलं, तेव्हाच त्याचं गुपित फोडलं होतं. ओट्यावर बसून हा विषय काढू नका. बीपी तपासायच्या निमित्ताने आत बसा.

कुठे पाठवायचं नाही, हेही शिकावं लागतं. सुरुवातीच्या काळात मी एका कुटुंबाला एका खाजगी केंद्राचा नंबर दिला. रात्री गाडी आली, चौघांनी पोराला हातपाय बांधून नेलं. तो परत आला तेव्हा मनगटावर वळ होते. तो आजही माझ्याशी बोलत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे कुणालाही साखळीने बांधून ठेवता येत नाही. आता मी केंद्राची नोंदणी बघते, डॉक्टर किती वेळा येतात ते विचारते आणि घरच्यांना भेटू देतात की नाही ते बघते. आणखी एक. "न कळत दारू सोडवा" म्हणून विकली जाणारी पावडर भाजीत-चहात मिसळू नका, असं बायकांना निक्षून सांगा. त्यात नेमकं काय आहे ते कळत नाही. आणि दारू सोडवण्यासाठीचं डायसल्फिरामसारखं औषध पोटात असताना माणूस प्यायला, तर रक्तदाब एकदम उतरून जिवावर बेतू शकतं. डॉक्टर ते देतात, पण रुग्णाला सगळं सांगून, त्याच्या संमतीने.

गांजावाल्या पोरांचे आईबाप पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात येत नाहीत. त्यांना सांगा की अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्यातलं कलम ६४-अ, स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या किंवा थोड्या मालाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देतं. उपचार मात्र अर्धवट सोडायचा नाही.

प्रतिबंधाचं थोडक्यात सांगते. २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनाला, प्रभातफेरी आणि काळ्या फुप्फुसांची चित्रं, एवढ्याने पोरं थांबत नाहीत. संयुक्त राष्ट्रांची प्रतिबंधाची मानकंही हेच सांगतात की घाबरवण्यापेक्षा नाही म्हणण्याचा सराव, शाळेशी नातं आणि आईबापांचं पालकत्व सुधारणं याचा उपयोग होतो. आणि आपल्यापासून सुरुवात करावी लागते. आमच्या एका बैठकीत "मिश्री कोण लावतं?" विचारल्यावर बराच वेळ कुणी हात वर केला नाही, मग एकीने केला आणि पाठोपाठ बऱ्याच जणींनी. त्या दिवशी आम्ही तंबाखूवर पहिल्यांदा खरं बोललो. तंबाखू सोडणाऱ्यांना १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक द्या.

तुमच्या गावात दारूचं दुकान बंद करायचं 'उभी बाटली, आडवी बाटली'चं मतदान होणार असेल, तर बायकांसोबत जरूर उभ्या राहा. पण दुकान बंद होण्याआधी आरोग्य केंद्राला कळवा. कुलूप लागल्यावर रोज पिणारे त्याच आठवड्यात थरथरायला लागतील किंवा हातभट्टीकडे वळतील, आणि त्यांच्या घरच्या बायका तुमच्याच दारात येतील.

२०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या साधारण ३८ जणांमागे एकालाच कुठला तरी उपचार मिळाल्याचं दिसलं. उरलेले सदतीस आपल्याच वाड्यावस्त्यांवर आहेत, म्हणून मला तुमच्यासारख्या ताई या कामात हव्या आहेत.

तो गवंडी त्यानंतर दोनदा पुन्हा प्यायला. दोन्ही वेळा शनिवारी, कारण मुकादम आठवड्याचा पगार परमिट रूममध्ये बसून वाटायचा. हे मी त्याला चौथ्या भेटीत विचारलं, पहिल्या भेटीत सुचलंच नव्हतं. त्याने मुकादम बदलला, पगार बायकोच्या खात्यावर घ्यायला लागला. आता आठ वर्षं झाली.

प्रशिक्षणाची तारीख मिळेपर्यंत एक काम करून ठेवा. जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या सामाजिक कार्यकर्त्याचा नंबर मिळवा, तुमच्या ग्रामीण रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात आणि दारू सोडवताना भरती करून घेतात का ते विचारा, आणि हे सगळं टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ आणि नशामुक्तीच्या १४४४६ या क्रमांकांसह वहीच्या पहिल्या पानावर लिहा. झटका आलेला माणूस समोर असताना मला यातलं काहीच शोधता आलं नव्हतं.