परसातील शेडचा पत्रा गळत असेल तर

पत्रा गळू लागला म्हणून लगेच नवा आणण्याची घाई करू नका. आधी कोणाला तरी नळीने खालच्या कडेपासून हळूहळू वर पाणी मारायला सांगा आणि स्वतः आत उभे राहून थेंब कोठे दिसतो तेथे खडूने खूण करा. पाणी पत्र्याच्या पोटाखालून ओघळत जाऊन भलत्याच ठिकाणी टपकते, त्यामुळे ही पारख फार महत्त्वाची आहे.

पुष्कळदा दोष स्क्रूखालच्या रबरी वॉशरमध्ये असतो. उन्हाने ते कडक होऊन तडकतात. भोक सैल झाले असल्यास थोडा जाड स्क्रू नव्या वॉशरसह बसवा आणि रबर किंचित दबेल इतकाच आवळा, कारण जास्त आवळल्यास रबर फाटते आणि पत्र्याची नागमोडी पन्हळही चेपते.

गोव्याच्या किनारपट्टीवर खाऱ्या हवेमुळे गंज प्रथम कापलेल्या कडांना आणि जोडाखाली धरतो. तेथे पेचकस टोचून पाहा. तो आरपार गेला, तर डांबर फासण्यात पैसे घालवू नका. तो पत्रा बदलाच. नवीन पत्रे घालताना उताराच्या दिशेने वरचा पत्रा खालच्यावर किमान १५० मिलिमीटर चढेल असा जोड ठेवा आणि नैऋत्येकडून येणारा पाऊस बाजूच्या जोडात शिरू नये म्हणून वारा जिकडून येतो त्याच्या समोरच्या टोकाकडून सुरुवात करा. चिऱ्याच्या भिंतीला टेकणाऱ्या कडेवर पत्र्याची पट्टी भिंतीतल्या खाचेत बसवावीच लागते. नुसते सिमेंट तेथे टिकत नाही.

हे काम मे महिन्यातच, सकाळच्या वेळी उरका. वर चालताना पाय फक्त खाली आधार असलेल्या स्क्रूंच्या रांगेवरच ठेवा.