उभं राहून पोटरी आखडते, ताणूनही सुटत नाही: नेमका कुठला स्नायू?

तुम्ही लिहिलंय की पणजीत हॉटेलच्या काउंटरवर आठ तास उभं राहावं लागतं, संध्याकाळपर्यंत दोन्ही पोटऱ्या खालच्या अंगाला दगडासारख्या होतात आणि भिंतीला हात टेकून, गुडघा ताठ ठेवून रोज ताणूनही फरक पडत नाही. मी फोंड्यात फिजिओथेरपिस्ट आहे. तुमचं वर्णन वाचून मला आधी सोलियस आठवला.

पोटरीचा वरून दिसणारा गोळा म्हणजे गॅस्ट्रोक्नेमियस. सोलियस त्याच्या खाली दडलेला, रुंद आणि चपटा. लॅटिनमध्ये 'सोलिया' म्हणजे सपाट चप्पल, आणि तशाच आकाराचा एक मासाही. मासळी बाजारात लेपो बघितलात की हा स्नायू बघितल्यासारखाच!

आता खरी गोम. गॅस्ट्रोक्नेमियस गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडापासून निघतो. सोलियस गुडघ्याच्या खालीच, नडगीच्या आणि तिच्या शेजारच्या बारीक हाडाच्या मागून सुरू होतो. खाली दोघंही अकिलीस कंडरेत मिसळून टाचेला जोडले जातात. गुडघा ताठ असला की वरचा स्नायू आधी तंगतो, घोटा तिथेच अडतो आणि सोलियसपर्यंत ताण पुरेसा पोचतच नाही. म्हणून तोच व्यायाम मागच्या पायाचा गुडघा वाकवून करा, टाच जमिनीवरून न उचलता. ताण खाली, टाचेच्या जवळ जाणवेल. अर्धा मिनिट धरा, प्रत्येक पायाला तीनदा.

उभं असताना शरीराचा भार घोट्याच्या किंचित पुढे पडतो. आपण पुढे कलंडू नये म्हणून मागून धरून ठेवण्याचं काम मुख्यतः सोलियसचं. त्याचे बहुतेक तंतू संथ, लवकर न थकणारे, पण आठ तास म्हणजे त्यांचीही कसोटीच. शिवाय तो आवळला की आतल्या शिरांमधलं रक्त वर ढकललं जातं. एका जागी खिळून उभं राहिलं की हा पंप जवळजवळ बंद पडतो, मोज्याच्या वळाभोवती सूज दिसते ती बऱ्याचदा त्यामुळेच. काउंटरमागे दर अर्ध्या तासाने वीसेक वेळा टाचा उचला. नुसत्या ताणण्यापेक्षा मला हे जास्त मोलाचं वाटतं.

खात्री करायची असेल तर खुर्चीत बसा, पोटरीचा गोळा संपतो त्याच्या खाली दोन्ही बाजूंनी चिमटीत धरा आणि टाच उचला. बोटांखाली जो घट्ट होतो, तोच सोलियस.

मात्र एकाच पायाला सूज, ऊब आणि दुखणं असेल तर मालिश अजिबात करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. शिरेत गुठळी झालेली असू शकते.