टरबूज: निवड पोटावरून, काप उभा

मे महिन्यात संध्याकाळी घरी वीस-पंचवीस पाहुणे येणार आहेत, त्यांना जेवणाआधी टरबूज द्यायचे आहे, मागच्या वेळी आणलेले आतून फिके निघाले आणि चौकोनी तुकड्यांच्या ताटात नुसते पाणी साचले, तेव्हा टरबूज निवडावे कसे आणि कापावे कसे, असे आपण विचारले आहे. ताई, या दोन्ही तक्रारींची कारणे अगदी वेगळी आहेत. फिकेपणा शेतातून येतो आणि तो खरेदीच्या वेळीच टाळावा लागतो. ताटात साचणारे पाणी मात्र कापण्याच्या पद्धतीवर आणि वेळेवर अवलंबून असते.

टरबूज वेलीवरून तोडल्यानंतर अधिक गोड होत नाही. आंबा, केळी किंवा चिकू तोडल्यावर पिकतात, कारण त्यांच्यात साठलेल्या पिष्टाची पुढे साखर होते. टरबुजात असा साठा नसतो. त्यामुळे कच्चे टरबूज घरात चार दिवस ठेवले तर फार तर गराचा रंग थोडा गडद होईल, पण गोडी वाढणार नाही. मादी फुलाचे परागीभवन झाल्यापासून फळ तयार व्हायला जातीनुसार आणि हवामानानुसार साधारण ३० ते ४० दिवस लागतात, आणि भाव चढा असला की त्यातले शेवटचे काही दिवस कापले जाण्याचा मोह शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला होतोच. म्हणून फेब्रुवारीतल्या पहिल्या मालापेक्षा एप्रिल-मे मधला माल मला अधिक भरवशाचा वाटतो. तोडणीच्या तोंडावर पाऊस झाला किंवा शेतात पाणी जास्त दिले गेले, तर मात्र मे मधले फळही पाणचट लागते.

पिकलेपणाची सर्वांत खात्रीची खूण शेतात दिसते, बाजारात नव्हे. फळाचा देठ वेलीच्या ज्या पेरावर असतो, त्याच पेरावरचा कुरळा तणावा (वेल आधार धरते तो बारीक, गुंडाळलेला धागा) पूर्ण वाळला की फळ तयार झाले असे मानतात. कन्हान किंवा वैनगंगा नदीच्या पात्रातल्या डांगरवाडीवरून (वाळूत लावलेल्या टरबुजांच्या मळ्यावरून) थेट खरेदी करण्याचा योग आलाच, तर तेथे हा तणावा पाहून फळ निवडता येते. नागपूरच्या कॉटन मार्केटच्या किंवा कळमन्याच्या बाजारातल्या ढिगात तो तणावा राहिलेला नसतो, राहतो फक्त देठाचा तुकडा, आणि येथेच अनेकांची गफलत होते. वाळका देठ म्हणजे पिकलेले फळ, असे सर्रास सांगितले जाते. वास्तविक नागपूरच्या उन्हात कोणत्याही तोडलेल्या फळाचा देठ थोड्याच दिवसांत वाळून जातो, मग ते फळ कच्चे असो वा पक्के. देठावरून फळ तोडून किती दिवस झाले एवढेच कळते. मी तर किंचित हिरवट, ताजा देठ असलेले फळ पसंत करतो आणि पिकलेपणाचा निवाडा दुसऱ्या खुणांवर सोपवतो.

त्यांतली पहिली खूण म्हणजे फळाच्या पोटावरचा, जमिनीला टेकून राहिलेल्या जागेचा डाग. फळ उलटे करून तो पाहावा. डाग पांढरा किंवा हिरवट पांढरा असेल तर फळ लवकर तोडलेले आहे असे समजावे. तो सायीसारखा किंवा त्याहून गडद, लोण्यासारखा पिवळा झालेला असेल तर फळाला वेलीवर पुरेसा वेळ मिळालेला आहे. गडद हिरव्या, जवळजवळ काळ्या सालीच्या लांबट संकरित जातींमध्ये हा पिवळेपणा चटकन डोळ्यांत भरतो, आणि हल्ली आपल्याकडे बहुतेक माल याच प्रकारचा असतो. आजकाल वेल माती झाकणाऱ्या प्लास्टिकच्या मल्चिंग पेपरवर पसरलेले असतात, तरी टेकलेल्या बाजूला ऊन लागत नसल्याने डाग पडतोच. पिवळ्या सालीच्या जातींत मात्र ही खूण काहीच सांगत नाही, तेथे वजनावर विसंबावे.

वजनाची तुलना एकाच आकाराच्या दोन फळांमध्ये करावी. दोन्ही हातांत एकेक फळ घेतले की जड कोणते ते लगेच जाणवते, आणि तेच घ्यावे. टरबुजात सुमारे ९२ टक्के पाणी असते, त्यामुळे आकाराच्या मानाने हलके फळ म्हणजे आत पोकळी पडलेले किंवा रस आटत चाललेले फळ असण्याचा संभव असतो. फळ सर्व बाजूंनी सारखे भरलेले असावे. एका बाजूने फुगीर आणि दुसऱ्या बाजूने बसके असेल, तर परागीभवन अपुरे झाल्यामुळे ती बाजू नीट भरलेली नाही. सालीवरची चकाकी कमी होऊन ती थोडी मंद दिसू लागणे ही पक्वतेची खूण खरी, पण विक्रेता ओल्या फडक्याने फळे पुसत बसलेला असेल तर तिचा उपयोग नाही. देठाच्या विरुद्ध टोकाला अंगठ्याने हलके दाबून पाहावे. तेथे साल दबली तर फळ जास्त पिकून आतून पिठूळ झालेले असते.

टिचकी मारून आवाज ऐकण्याच्या कलेबद्दल मला आदर आहे, परंतु नवख्याने तिच्यावर भिस्त ठेवू नये. कच्चे फळ टणटणीत, उंच स्वरात वाजते, पिकलेले खोल आणि भारदस्त, तर उतरलेले फळ बद्द वाजते. हा फरक एकाच ढिगातली पाच-सहा फळे पाठोपाठ वाजवली तरच कानाला कळतो, आणि सकाळच्या बाजारात हमालांच्या आरोळ्या व गाड्यांचे भोंगे चालू असताना तेही कठीणच. रस्त्याकडेच्या दुकानात कापून मांडलेले लालबुंद अर्धे फळ पाहून निर्णय घेणारेही पुष्कळ आहेत. त्यांनी एकदा मान वर करून छताकडे पाहावे. ताडपत्री बहुधा लाल किंवा नारिंगी असते, आणि तिच्यातून झिरपणाऱ्या उजेडात फिका गरही लाल दिसतो. तुकडा बाहेर उन्हात धरून पाहावा, आणि बिया काळ्या किंवा गडद तपकिरी भरलेल्या आहेत ना, हेही पाहावे. बियांच्या जातीत त्या पांढऱ्या व मऊ असतील तर फळ कोवळे आहे.

नर टरबूज आणि मादी टरबूज अशी विभागणी दर उन्हाळ्यात फोनवर फिरते. वेलीवर नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात हे खरे, पण फळ फक्त मादी फुलालाच धरते, त्यामुळे फळांत नर-मादी असा भेद संभवतच नाही. गरात मध्यभागी चिरा किंवा पोकळी दिसली की ‘इंजेक्शन दिलेले आहे’ असेही म्हटले जाते. अशी पोकळी परागीभवन कमी झाल्यामुळे किंवा वाढ एकदम वेगाने झाल्यामुळे पडते आणि असे फळ खाण्यास योग्यच असते. ज्या फळाच्या सालीला खरोखर भोक आहे किंवा कापल्यावर आंबूस वास येतो, ते मात्र घेऊ नये.

आपल्या पाहुण्यांच्या संख्येसाठी चार-चार किलोंची दोन फळे पुरतील. साल आणि पांढरा भाग वगळता निम्म्याहून थोडा अधिक गर हाती येतो, म्हणजे माणशी दीडशे ते दोनशे ग्रॅमची सोय होते. आठ किलोंचे एकच फळ घेऊ नये, कारण ते फिके निघाले तर दुसरे हाताशी नसते. अखंड फळ दोन-तीन दिवस घरातल्या थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात राहू शकते, मात्र ते आंब्याच्या आढीजवळ ठेवू नये. पिकणाऱ्या आंब्यातून निघणाऱ्या एथिलीन वायूमुळे टरबुजाचा गर मऊ पडून पाणचट होतो, आणि मे महिन्यात आपल्याकडे बहुतेक घरांत या दोघांची गाठ एकाच पलंगाखाली पडते. कापायच्या दिवशी सकाळी फळ फ्रिजमध्ये ठेवावे. जागा नसेल तर गार पाण्याच्या बादलीत ठेवून वर ओले पोते टाकावे. कापलेल्या फोडींवर बर्फाचा चुरा घालणे मला पसंत नाही. त्याने चव पातळ होते आणि बर्फाचे पाणी कोणते हे आपल्याला ठाऊक नसते.

कापण्यापूर्वी फळ नळाखाली धरून हाताने किंवा ब्रशने चोळून धुवावे आणि कोरडे पुसावे. साल आपण खात नसलो, तरी तिच्यावरची माती आणि जंतू सुरीबरोबर थेट गरात उतरतात, आणि टरबुजात आंबटपणा नगण्य असल्याने ते तेथे लवकर वाढतात. विळीवर चार किलोंचे फळ सावरता येत नाही, हाताला इजा होण्याची भीती असते. लांब पात्याची धारदार सुरी घ्यावी, पाटाखाली ओले फडके पसरावे म्हणजे तो सरकत नाही, आणि रस गोळा करण्यासाठी शेजारी परात ठेवावी.

आता काप. टरबुजात गोडी सगळीकडे सारखी नसते. मध्यभागाचा गाभा सर्वांत गोड, सालीकडे जाताना गोडी कमी होत जाते आणि देठाकडचा भाग फुलाकडच्या टोकापेक्षा फिका असतो. म्हणून आडव्या चकत्या पाडल्या की एकाला गाभ्याची गोड चकती आणि दुसऱ्याला देठाकडची फिकी चकती मिळते, आणि दोघेही एकाच फळाबद्दल उलटी मते देतात. फळ उभेच चिरावे. दोन्ही टोके बोटभर कापून टाकावीत, फळ सपाट बुडावर उभे करून वरून खाली दोन भाग करावेत, प्रत्येक अर्धा भाग कापलेल्या बाजूवर पालथा घालून पुन्हा लांबीतच चिरावा. या चतकोर भागांच्या लांबीतच, बोटभर जाडीच्या उभ्या फोडी, साल ठेवूनच, कराव्यात. प्रत्येक फोडीच्या आतल्या धारेला गाभा येतो आणि साल धरून खाता येत असल्याने हात चिकट होत नाहीत. पंचवीस माणसांच्या ताटासाठी मी हाच प्रकार सुचवीन.

घरात दात नसलेली वडीलधारी मंडळी किंवा अगदी लहान मुले असतील, तर त्यांच्यासाठी बिया काढाव्यात. चतकोर भागाच्या कापलेल्या बाजूकडे नीट पाहिले की गाभा आणि साल यांच्या मध्ये, सालीच्या जरा जवळ, बियांची एक रेघ दिसते. त्या रेघेवरून सुरी फिरवली की आतला गाभा जवळजवळ बिनबियांचा अलग होतो आणि उरलेल्या थरावरच्या बिया उघड्या पडतात, त्या काट्याने खरवडून काढाव्यात. एकेक बी टोचत बसण्यापेक्षा यात फार कमी वेळ जातो. गाभ्याचे तुकडे मोठेच, दीड-दोन इंचांचे ठेवावेत. आपल्या ताटात पाणी साचले ते बारीक तुकड्यांमुळे: तुकडा जितका लहान तितका गराचा कापलेला पृष्ठभाग अधिक आणि तितका रस जास्त गळतो. त्यात मीठ किंवा चाट मसाला आधीच भुरभुरला असेल, तर मीठ उरलेले पाणीही ओढून घेते. मीठ-मसाला वाटीत वेगळा ठेवावा, ज्याने त्याने घ्यावा.

पाहुणे बसल्यावरच कापणे उत्तम. आधी कापणे भागच असेल, तर तुकडे मोठ्या चाळणीत घालून, चाळणी पातेल्यावर ठेवून, झाकून फ्रिजमध्ये ठेवावेत, म्हणजे गळलेला रस खाली जमतो आणि तो सब्जा घालून सरबतात वापरता येतो. नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत कापलेले फळ बाहेर तासाभरापेक्षा जास्त राहू देऊ नये, कारण तापमान ३२ अंशांपुढे गेले की कापलेल्या फळाबाबत हीच मर्यादा पाळतात, आणि आपल्याकडे त्या सुमारास रात्री आठलाही पारा त्याच्या वरच असतो. दुसरे फळ पहिले संपत आल्यावरच चिरावे. ते अर्धे उरले तर कापलेली बाजू झाकून फ्रिजमध्ये ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी संपवावे. सालीखालचा पांढरा भाग टाकू नये. हिरवी साल सोलून त्याच्या फोडी दुधी भोपळ्याप्रमाणे चण्याच्या डाळीत शिजवल्या तर चांगली भाजी होते.