वेतोबाच्या वहाणा : गुन्हा आणि शिक्षेविषयी वाचकांचे प्रश्न

परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर), म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्या लोकांवर लक्ष ठेवणारा, म्हणून माझी सगळी नोकरी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात झाली. निवृत्तीनंतर पडवीत बसून गुन्हेगारीशास्त्रातले शोधनिबंध वाचायची खोड लागली. या खेपेला पाच पत्रं घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं गाळली आहेत आणि पत्ते तालुक्यावरच थांबवले आहेत. आपल्याकडे वाडीचं नाव कळलं की माणूस कोण ते लगेच कळतं.

बोटीवर एलईडीचे प्रखर दिवे लावून मासे गोळा करणाऱ्यांचा दंड २०२१ मध्ये लाखांच्या घरात नेला. तरी रात्री समुद्रावर जत्रेसारखा उजेड दिसतो. दंड कोटीचा केला, मालकालाच आत टाकला, तर थांबतील का? — पारंपरिक मच्छीमार, मालवण तालुका

बहुधा नाही थांबणार. तुमचा संताप रास्त आहे, पण तो चुकीच्या आकड्यावर खर्च होतोय.

शिक्षेच्या धाकावर पन्नासेक वर्षं संशोधन चाललंय. अमेरिकेतले अभ्यासक डॅनियल नेगिन यांनी २०१३ मध्ये त्याचा मोठा आढावा घेतला. त्याचं सार असं, की माणूस आवरतो तो आपण सापडणार या खात्रीमुळे. शिक्षा आधीच मोठी असेल तर ती आणखी वाढवून पदरात फारसं पडत नाही. आणि ही खात्री म्हणजे पकडले जाण्याची. कोर्टात पुढे काय होईल हा फार लांबचा विचार, तो त्या घटकेला कोणी करत नाही.

एलईडीवाल्या मालकाच्या जागी बसून बघा. राजपत्रातला दंडाचा आकडा तो वाचत नाही. तो जेटीवरच्या ओळखीच्या पोराला फोन करतो, "गस्तीची बोट सुटली काय रे?" ती जेटीलाच बांधलेली असेल तर दंड पाच हजार काय नि वीस लाख काय, त्या रात्रीपुरता तो शून्यच. केंद्राने २०१७ मध्ये राज्याच्या हद्दीपलीकडच्या पाण्यातही एलईडीला बंदी घातली. कायदा कमी पडला असं म्हणायला जागा नाही.

त्यामुळे जानेवारी २०२५ पासून मत्स्यव्यवसाय विभागाने किनाऱ्यावर ड्रोनची पाळत सुरू केली, ती मला दंडवाढीपेक्षा मोलाची वाटते. अट एकच. ड्रोनने टिपलेली नौका बंदराला लागायच्या आत कोणीतरी तिथे कागद घेऊन उभं असलं पाहिजे. नुसते फोटो जमले तर चार महिन्यांत मालकांना त्याचीही सवय होईल.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मी एकाच औषधाचा वैद्य ठरेन. हवाईमध्ये २००४ साली एका न्यायाधीशांनी परिविक्षेवर सोडलेल्या लोकांसाठी साधा नियम केला. अट मोडली की लगेच शिक्षा, पण छोटी, दोन-चार दिवसांची. पहिल्या चाचणीत निकाल झकास आले. मग तोच कार्यक्रम अमेरिकेतल्या दुसऱ्या चार ठिकाणी करून पाहिला आणि २०१६ च्या अहवालात नेहमीच्या पद्धतीपेक्षा काही फरक दिसला नाही. खात्री आणि तत्परता लागतातच, पण ते यंत्र चालवणारी माणसं कोण आहेत, यावर बरंच ठरतं. हे तुम्हा मालवणकरांना मी सांगायला नको.

आमच्या हायस्कूलमधल्या आठवी-नववीच्या सहा-सात मुलांनी उच्छाद मांडलाय. मारामाऱ्या, वर्गणीच्या डब्यातून पैसे काढणं. त्यांना एक दिवस तुरुंग दाखवावा, कैद्यांकडून दोन शब्द ऐकवावेत, असं पालकसभेत ठरलंय. आपण ओळखीने व्यवस्था कराल का? — मुख्याध्यापक, दापोली तालुका

नाही करणार, सर. राग मानू नका.

हाच उद्योग मी नोकरीच्या तिसऱ्या वर्षी केला होता. पाच पोरं घेऊन गेलो. जन्मठेपेतला एक बंदी त्यांच्यावर असा काही खेकसला, की परतीच्या एसटीत कोणी चकार शब्द काढला नाही. मी खूश. पंधरा दिवसांनी बाजारात त्यातला सर्वांत लहान मुलगा दिसला. शर्टाची वरची दोन बटणं उघडी, खांदा किंचित तिरका, थेट त्या बंद्यासारखी चाल. पोरगा घाबरला नव्हता, पोराला आदर्श सापडला होता.

पुढे वाचनात आलं की अमेरिकेने हे मोठ्या प्रमाणावर करून हात पोळून घेतलेत. न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगात जन्मठेपेचे कैदी मुलांना दरडावायचे. १९७८ साली त्यावर माहितीपट निघाला आणि देशभर नक्कल सुरू झाली. पुढे अशा कार्यक्रमांच्या नऊ काटेकोर चाचण्या एकत्र तपासल्या. तुरुंग पाहून आलेली मुलं न पाहिलेल्या मुलांपेक्षा जास्त गुन्हे करताना आढळली. म्हणजे काहीच न करणं अधिक बरं होतं.

दुसरी गोष्ट त्याहून नाजूक आहे. त्या सहा-सात जणांना तुम्ही एकत्र नेणार, हीच मुळात गफलत. मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ साली ५०६ मुलं घेऊन एक प्रयोग सुरू झाला. निम्म्यांना समुपदेशक, शिकवणी, उन्हाळी शिबिरं, सगळं प्रेमाने दिलं. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी त्यांचा माग काढला, तर मदत मिळालेले लोक दारू, आजारपण, पुन्हा गुन्हा अशा कित्येक बाबतींत मदत न मिळालेल्यांपेक्षा वाईट अवस्थेत निघाले. नंतर खोलात गेल्यावर दिसलं, की जास्त नुकसान वारंवार शिबिराला गेलेल्यांचं झालं होतं. वांड पोरं एकत्र आली की एकमेकांना हसवायला कोण काय सांगतं, ते तुम्ही स्टाफरूमच्या खिडकीतून रोज ऐकताच.

मग करायचं काय? शिकागोच्या शाळांमधला एक खेळ सांगतो. मुलांच्या जोड्या लावतात. एकाच्या मुठीत चेंडू. दुसऱ्याला सांगतात, तीस सेकंदांत तो चेंडू मिळव. बहुतेक जण मूठ पिळतात, बोटं उचकटतात, अंगावर जातात. मग शिक्षक विचारतो, तू त्याच्याकडे नुसता मागितला का नाहीस? मुलगा म्हणतो, त्याने दिलाच नसता, वर मला बावळट समजला असता. मूठवाल्याला विचारतात, मागितला असता तर? तो खांदे उडवतो, दिला असता की, चेंडूच तर आहे. डोक्यात उसळलेल्या पहिल्या विचाराला क्षणभर थांबवायचं, एवढाच तो अभ्यासक्रम. तो चालू असेपर्यंत हिंसक गुन्ह्यांतल्या अटका जवळपास निम्म्यावर आल्या. संपल्यावर अटकांवरचा परिणाम ओसरला, हेही खरं. पण त्या मुलांमध्ये शाळा पुरी करण्याचं प्रमाण वाढलं.

चेंडूऐवजी सुपारी घ्या आणि खेळाच्या तासाला करून बघा. अख्ख्या वर्गाबरोबर करा, त्या सात जणांचा वेगळा कळप करू नका. वर्गणीचा डबा मात्र आजपासून कुलपात ठेवा.

माझा मुलगा १९ वर्षांचा. मित्राच्या गाडीतून गोव्याची दारू आणताना इन्सुली नाक्याजवळ पकडला. जामीन झाला. तेव्हापासून त्याचे बाबा त्याच्याशी बोलत नाहीत. म्हणतात, हा आता हातचा गेला. खरंच गेला का हो? — बांदा परिसरातील आई

वहिनी, नाही गेला.

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा अभ्यास अजून चालू आहे. तिथल्याच कामाच्या आधारे टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये दोन वाटा वेगळ्या करून दाखवल्या. काही थोडी मुलं अगदी लहानपणापासून बिघडलेली असतात आणि मोठेपणीही तशीच राहतात. बाकी बरीच मोठी संख्या अशी, की मिसरूड फुटल्यावर मित्रांच्या नादाने काहीतरी करतात आणि संसाराला, नोकरीला लागल्यावर आपोआप सोडतात. बऱ्याच देशांत गुन्ह्यांचा आलेख विशीच्या आसपास शिखर गाठतो आणि मग उतरतो. तुमच्या पत्रात लहानपणच्या कसल्याच तक्रारी नाहीत. गाडीही मित्राची आहे. मला तरी तो दुसऱ्या वाटेवरचा दिसतो.

खरा धोका आहे तो पुढे त्याच्यावर बसणाऱ्या शिक्क्याचा. बॉस्टन ज्या सफोक काउंटीत येतं तिथल्या किरकोळ, अहिंसक प्रकरणांचा अभ्यास २०२३ मध्ये आला. काही सरकारी वकील अशी प्रकरणं चालवत, काही सोडून देत, आणि कोणाची फाइल कोणाच्या टेबलावर जाईल हा निव्वळ योगायोग. त्यामुळे सारख्याच माणसांची तुलना करता आली. ज्यांच्यावर खटला चालला नाही त्यांच्यावर पुढच्या दोन वर्षांत नवी तक्रार येण्याची शक्यता निम्म्याहूनही कमी झाली होती. पहिल्यांदाच अडकलेल्यांमध्ये हा फरक सर्वांत मोठा होता.

आपला कायदा वेगळा, तेव्हा कोर्टातून हे असंच मिळेल असं मी सांगत नाही. पण १९५८ चा परिविक्षा कायदा आहे. निकालाच्या वेळी वय २१ च्या आत असेल, तर कारणं नोंदवल्याशिवाय तुरुंगवास देऊ नये आणि त्याआधी परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा, असं त्यात आहे. वय मोजायचं ते शिक्षा देण्याच्या दिवशीचं. म्हणून तारखा उगाच वाढू देऊ नका. त्याच्या प्रकरणाला हा कायदा कसा लागतो, ते वकिलांना आधीच विचारा. अहवालासाठी अधिकारी घरी येईल तेव्हा चहापाण्याची धांदल नको, शिक्षणाचा दाखला आणि कामाचा काही कागद हाताशी असू द्या. मी शेकडो घरांत गेलोय. मुलाचे वडील ओटीवर माझ्याजवळ येऊन बसले का, हे मी हटकून लिहायचो. हे त्याच्या बाबांना वाचून दाखवा.

आणि जामीन झाला हे साधं समजू नका. २०२२ च्या अखेरीला देशातल्या कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते, त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी. चारातले तीन, निकालाची वाट बघत. तिथली संगत इन्सुली नाक्यापेक्षा महागात पडते.

हंगामात दरवर्षी रात्री आंबा उतरवून नेतात. दोन गुरखे ठेवले, फाटकावर कॅमेरा बसवला. तरी कड्याकडच्या कोपऱ्यातून आंबा जातोच. — बागायतदार, देवगड तालुका

कॅमेरा फाटकावर आणि चोर कड्याकडून, यातच उत्तर आलं.

राजस्थान पोलिसांबरोबर अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांवर एक प्रयोग केला. काही ठिकाणी नाकाबंदी रोज त्याच जागी, काही ठिकाणी जागा बदलत. बदलत्या नाकाबंदीने रात्रीचे अपघात १७ टक्क्यांनी आणि रात्रीचे मृत्यू २५ टक्क्यांनी घटले. ठरलेल्या जागेच्या नाकाबंदीने म्हणण्यासारखं काही झालं नाही, कारण लोक आडवाटेने जायला लागले.

आपल्या आजोबांना हे ठाऊक होतं. आरवलीच्या वेतोबाला वहाणा वाहतात आणि त्या झिजतात, कारण देव रात्री हद्दीतून फिरतो अशी श्रद्धा. तो कुठल्या रात्री कुठल्या बांधावर असेल ते कोणाला माहीत नसायचं. दुसऱ्याच्या फणसाला हात लावताना माझीही छाती धडधडायची. तुमच्या गुरख्यांच्या वहाणा झिजतायत का ते बघा. ते माचाजवळ शेकोटी करून बसत असतील तर चोराला दुरूनच दिसतात. फेरीची वेळ रोज बदला, आणि निम्म्या फेऱ्या कड्याकडच्या कोपऱ्यात. मिनीयापोलिस शहरात निम्मे पोलीस-फोन अवघ्या तीनेक टक्के पत्त्यांवरून येतात असं १९८९ मध्ये दिसलं होतं. बागेतही चार-पाच कलमंच पुन्हा पुन्हा उतरवली जात असतील.

चोरटा सापडलाच तर एक माहीत असू द्या. १ जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेत पाच हजारांच्या आतली चोरी, पहिलाच अपराध आणि माल किंवा किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची आहे. खांबाला बांधून चोप देण्याच्या भानगडीत पडलात, तर आरोपी तुम्ही व्हाल.

शेजारचा माणूस मारामारीच्या गुन्ह्यात सहा वर्षं भोगून आलाय. १ ऑगस्टला पावसाळी मासेमारीबंदी उठली की माझ्या बोटीवर काम मागतोय. हात चांगला आहे. पण खलाशी काय म्हणतील? — नौकामालक, श्रीवर्धन तालुका

घ्या. बॉस्टनच्या सुधारगृहांतल्या ५०० मुलांचे जुने कागद हार्वर्डच्या तळघरात खोक्यांत पडून होते. रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लाब यांनी ते उघडले आणि त्या मुलांचा सत्तरीपर्यंत माग काढला. गुन्हा सुटला त्यांच्या आयुष्यात बहुधा स्थिर काम, चांगली बायको किंवा लष्करातली नोकरी आलेली होती. उपदेशाने सुधारलेले फार आढळत नाहीत. आपल्याकडे औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांना भिंतीशिवाय, बायकामुलांसह शेतीवर ठेवलं, ते याच समजुतीवर.

फक्त एक विचारून घ्या, ती मारामारी दारूत झाली होती का. झाली असेल तर बोटीवर बाटली चालणार नाही, आणि हा नियम सगळ्यांनाच, एकट्या त्याला नको.

खलाशांचं म्हणाल तर आधी तांडेलाला, म्हणजे बोटीवरच्या म्होरक्याला, एकट्याला सांगा. त्याने हो म्हटलं की बाकीचे कुरकुरतील, पण चढतील. वाटा इतरांइतकाच ठरवा, उपकाराचा कमी नको नि दयेचा जास्त नको. आणि पहिल्या फेरीचा हिशेब जेटीवर, सगळ्यांच्या देखत करा.