पिकअपमधलं गन रॅक: ड्रिल बाजूला ठेवा, आधी सिरियल नंबर लिहून घ्या

तुमची पोस्ट वाचली आणि बायकोला हाक मारून दाखवली, म्हटलं बघ, हा माणूस म्हणजे अकरा वर्षांपूर्वीचा मीच. सेकंडहँड फोर्ड एफ-वन-फिफ्टी पिकअप, चार दारांची क्रू कॅब, ऑफिसातल्या मित्राबरोबर टेक्सासच्या हिल कंट्रीत डियर लीज (हरणांच्या शिकारीसाठी भाड्याने घेतलेली जमीन), त्याच्याच ओळखीतून रोखीत घेतलेली रायफल, मागच्या काचेवर दोन हुकांचं रॅक. आणि प्रश्न दोन: रॅकची खडखड कशी थांबवायची, आणि शुक्रवारी ऑफिसातून परस्पर लीजवर निघायचं तर रायफल दिवसभर रॅकवरच राहू दिली तर चालेल का.

खडखडीचं शेवटी सांगतो, ते सोपं आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, नको. का नको ते लांबलचक लिहितोय, कंटाळा आला तर मधलं सोडून द्या, पण नंबरचं तेवढं वाचा.

रॅक बसवण्यात सांगण्यासारखं काही नाही, दोन ब्रॅकेट, चार स्क्रू, तुम्ही ते केलेलंच आहे. एकच विचारतो, स्क्रू मारण्याआधी प्लास्टिकचं ट्रिम काढून मागे काय आहे ते बघितलंत ना? जुन्या ट्रकना काचेभोवती रबराचं गॅस्केट असायचं, त्यात क्लिपा खुपसल्या की काम झालं. आता काच थेट चिकटवलेली असते, मग लोक बाजूच्या पत्र्यात सेल्फ-टॅपिंग स्क्रू घालतात आणि आतून सीटबेल्टची नाहीतर एअरबॅगची वायर जात असते. छताला लटकणारं ओव्हरहेड रॅक कोणी सुचवलं तर माझं मत विरोधात, खिडकीच्या बाजूची कर्टन एअरबॅग तिथूनच खाली उघडते आणि मॅन्युअलमध्येच लिहिलंय की तिथे काही अडकवू नका. काहीजण वर्षानुवर्षं वापरतात, त्यांना काही झालेलं नाही, हेही खरं. मी नाही लावणार.

आता माझी गोष्ट. नोव्हेंबरचा पहिला शनिवार, डियर सीझनची सुरुवात. शुक्रवारी ह्यूस्टनजवळच्या केटीहून, म्हणजे घरून, निघायला उशीर झाला, म्हणून वाटेत हायवेलगत एका मोटेलात थांबलो. रात्रीचे साडेअकरा वाजलेले, चार तासांवर उठायचं होतं, दिव्याच्या खांबाखाली गाडी लावली आणि मनात म्हटलं एवढ्या उजेडात कोण येतंय. रायफल रॅकवर. मागची काच म्हणजे शोकेसच की हो, त्यात बंपरवर मीच हौसेने हरणाच्या शिंगांचं स्टिकर लावलेलं. पहाटे खाली आलो तर मागच्या दाराची काच नाही. सीटवर सगळीकडे साबुदाण्यासारखे काचेचे दाणे. पोळीभाजीचा डबा जागेवर, शेंगदाण्याच्या चटणीची बाटली जागेवर, जॅकेट जागेवर. रॅकचे हुक तेवढे रिकामे.

पोलीस आले, माणूस सभ्य होता, त्याची काही तक्रार नाही. पहिला प्रश्न: मेक, मॉडेल? रेमिंग्टन ७००, थ्री-ओ-एट गोळीची. दुसरा प्रश्न: सिरियल नंबर?

गप्प. मला नंबर माहीतच नव्हता.

मला वाटायचं की बंदुकीचा नंबर कुठेतरी सरकारदरबारी असतोच. आमच्या घरी तसंच होतं. कुडाळजवळ आमचं गाव, आजोबांकडे ठासणीची बंदूक, शेतीसंरक्षणाचा परवाना, परवान्याच्या वहीत बंदुकीचा नंबर, निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची आणि पावती घ्यायची. ती पावती आजी तांदळाच्या डब्यात ठेवायची. त्यामुळे डोक्यात पक्कं बसलेलं की नंबर ठेवणं हे सरकारचं काम. टेक्सासात रायफलीची नोंदणी हा प्रकारच नाही. एकाच राज्यातल्या दोन माणसांनी आपसात विकली तर कुठेही कागद होत नाही. मी ज्याच्याकडून घेतली त्याने ती काकांकडून घेतलेली, काका वारलेले, काकांनी कुठल्या दुकानातून घेतली ते कोणालाच माहीत नाही. पोलिसांनी रिपोर्ट लिहिला, पण राष्ट्रीय चोरीच्या यादीत बंदूक चढवायला नंबर लागतो, नंबर नाही तर नोंद नाही. म्हणजे उद्या तीच रायफल एखाद्या पॉनशॉपमध्ये, म्हणजे गहाणवटीच्या दुकानात, सापडली, कोणी तपासली, तरी चोरीची म्हणून ती दिसणारच नाही. आणि उलटं बघा, तिच्या हातून काही वाईट घडलं तर तपास कंपनीपासून सुरू होतो, कंपनीकडून दुकान, दुकानाकडून पहिला गिऱ्हाईक, म्हणजे पोलीस त्या बिचाऱ्या काकांच्या घरचं दार वाजवणार. ह्या विचाराने मला कित्येक रात्री झोप नव्हती. पैशाचं नंतर, पण कुठेतरी कोणाच्या तरी हातात ती आहे आणि मी ती जवळजवळ दिली, हे डोक्यातून जात नव्हतं.

मग इन्शुरन्स. कंपनीचं नाव घेत नाही. गाडीच्या विभागाने सांगितलं आम्ही काचेचं बघतो, आतला माल घराच्या पॉलिसीत. घराच्या विभागाने सांगितलं चोरी गाडीतून झाली ना, मग आधी गाडीवाल्यांकडून लेखी आणा. ते लेखी मिळवायला सहा आठवडे. मग पावती मागितली. पावती नाही, बरं मग बिल ऑफ सेल, म्हणजे विकणाऱ्याच्या सहीची विक्रीची चिठ्ठी, तेही नाही, बरं मग नंबर दिसेल असा फोटो. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून कथा, आणि दर फोनच्या शेवटी ‘आज मी तुमची आणखी काही मदत करू शकते का’. आणखी? पाच महिने चाललं हे.

फोटोवरून आठवलं, एक फोटो सापडला होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्कोप बसवताना मुलीने काढलेला. रेमिंग्टन ७०० ला नंबर रिसीव्हरच्या, म्हणजे नळीमागच्या धातूच्या भागाच्या, डाव्या बाजूला असतो, आणि फोटोत डावी बाजूच वर होती. झूम केलं. पहिले तीन आकडे स्वच्छ दिसतात आणि उरलेल्यांवर माझा अंगठा. नखाखाली ग्रीस सुद्धा दिसतंय, नंबर नाही. शेवटी काय मान्य झालं तर स्कोप, कारण तीनशे डॉलरच्या स्कोपचा खोका आणि पावती मी जपून ठेवली होती. आणि डिडक्टिबल, म्हणजे आपल्या खिशातून जाणारा पहिला हिस्सा, हजार डॉलर. म्हणजे हातात शून्य. वर कंपनीच्या ह्या निकालाच्या पत्रातच कळलं की चोरीला गेलेल्या बंदुकांसाठी पॉलिसीत २,५०० डॉलरची वेगळी मर्यादा आहे, सगळ्या बंदुका मिळून. तुमच्या पॉलिसीत काय आहे ते आजच बघा.

तर पोस्ट वाचून झाली की उठा, नंबर कागदावर लिहा, फोटो काढा (अंगठा बाजूला), स्वतःलाच मेल करा, आणि विकणाऱ्याकडून चार ओळींचं बिल ऑफ सेल आत्ताही सही करून घ्या, उशीर झालेला नाही. १९६८ च्या आधीच्या काही जुन्या पॉइंट-टूटू (.२२) रायफलींवर नंबरच नसतो, तसली असेल तर खुणा, ओरखडे सगळ्याचे फोटो. चोरी झाली तर टेक्सासात कळवायची सक्ती नाही, तरी कळवा.

आता कायद्याचं. मी वकील नाही, आयटीवाला आहे, हे सगळं स्वतः पडताळून घ्या.

टेक्सासात रायफल रॅकवर उघडी ठेवून फिरणं गुन्हा नाही, त्याला लायसन्सही लागत नाही. ऑफिसचं म्हणाल तर २०११ च्या कायद्याने मालक कर्मचाऱ्याला स्वतःच्या कुलूपबंद गाडीत कायदेशीर बंदूक ठेवायला सहसा मनाई करू शकत नाही, शाळा आणि काही केमिकल प्लांट, रिफायनऱ्या वगैरे अपवाद आहेत. म्हणजे कायदा आडवा येणार नाही, चोर येईल.

खरी मेख शाळेची आहे. फेडरल गन-फ्री स्कूल झोन कायदा १९९० चा, १९९५ साली सुप्रीम कोर्टाने उडवला (ती केस आपल्या सॅन अँटोनियोचीच), १९९६ साली काँग्रेसने दुरुस्त करून परत आणला. शाळेच्या हद्दीपासून १,००० फुटांच्या आत बंदूक बाळगायला मनाई. केटीत कुठूनही कुठेही जा, हजार फुटांत एक शाळा येतेच. सूट कशाला, तर बंदूक रिकामी हवी आणि कुलपातल्या डब्यात किंवा गाडीतल्या कुलूपबंद रॅकमध्ये हवी. कुलूपबंद रॅक, हे शब्द कायद्यातच आहेत. तुमचे रबराचे हुक त्यात बसत नाहीत. राज्याचं कॅरी लायसन्स (बंदूक जवळ बाळगायचा परवाना) असलेल्यांना वेगळी सूट आहे, पण २०२१ पासून लायसन्स नसलं तरी चालतं म्हणून हल्ली बरेचजण ते काढत नाहीत, आणि मग ही सूटही जाते, हे लोकांच्या लक्षातच येत नाही.

राज्याबाहेर जाणार असाल तर प्रवासात बंदूक नेणाऱ्यांसाठीच्या १९८६ च्या फेडरल कायद्याचं संरक्षण मिळायला बंदूक आणि गोळ्या हाताशी नकोत, आणि पिकअपला डिकी नसते, म्हणून कुलपाची पेटी हवी, ग्लोव्ह बॉक्स किंवा कन्सोल चालत नाही. रॅक तर नाहीच नाही.

आणि तुम्ही व्हिसाचं काही लिहिलेलं नाही. ग्रीन कार्ड असेल तर हा परिच्छेद सोडा. एच-वन-बी वर असाल तर नीट वाचा. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूकच काय, गोळ्याही बाळगायला फेडरल मनाई आहे, आणि आपल्यासारख्यांना चालणारा अपवाद म्हणजे चालू हंटिंग लायसन्स. इथे एक गंमत आहे, म्हणजे गंमत कसली. २०१९ पासून टेक्सासात खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने रानडुक्कर मारायला लायसन्स लागत नाही, म्हणून लोक म्हणतात मी फक्त डुकरं मारतो, मला कशाला. राज्याला नको असेल, फेडरल अपवादाला हवंय! रहिवाशांना ते २५ डॉलरला मिळतं आणि साधारणपणे ३१ ऑगस्टला संपतं. १ सप्टेंबरला तुम्ही नवं काढलं नाही आणि रायफल कपाटातच आहे, तर काय झालं ते तुम्हीच ओळखा. ह्यावर इमिग्रेशन वकिलाला विचारा, इथे कोणालाही नाही, मलाही नाही.

मी आता काय करतो? गावात असताना रायफल मागच्या सीटखाली, सीट वर उचलली की खाली बसणारी लांब पेटी, ड्यू-हा ची आहे, त्यात केस, आणि केसला केबल घालून सीटच्या फ्रेमला कुलूप. केबल कापायला वेळ लागत नाही हे माहीत आहे, पण बाहेरून काही दिसत नाही हे मुख्य. रात्री मोटेलात केस खोलीत माझ्याबरोबर, कितीही दमलो असलो तरी. बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा सरकता दांडा, काढून वेगळा ठेवतो. स्टिकर हेअर ड्रायरने गरम करून खरवडलं, आणि नवीन लावणार असाल तर लावू नका.

रॅक फक्त लीजच्या फाटकाच्या आत. तिथेही चेंबर (गोळी बसायची जागा) रिकामं, बोल्ट उघडा, मॅगझिन बाहेर. काचेवरच्या रॅकमध्ये रायफल आडवी असते, म्हणजे नळी कोणत्या ना कोणत्या दाराकडे रोखलेलीच असते, आणि फाटक उघडायला उतरणारा माणूस त्याच दाराशी उभा असतो. हे मला एका म्हाताऱ्या रँचवाल्याने सांगितलं, मी उतरलो होतो तेव्हा, आणि सांगायच्या पद्धतीत शिव्या बऱ्याच होत्या.

एसीचं राहिलं. पहाटे थंडगार कॅबमधून रायफल दमट हवेत काढली की स्कोपवर वाफ धरते, समोर हरिण आणि तुम्ही शर्टाने काच पुसताय. पोचायच्या वीस मिनिटं आधी एसी बंद, काचा खाली. आणि उन्हाळ्यात मागच्या काचेतून ऊन थेट लाकडावर पडतं, पॉलिशची वाट लागते.

हां, खडखड. हुकांवरचं रबर उन्हाने कडक झालेलं असणार, ते काढून टाका. सायकलची जुनी ट्यूब घ्या, चार इंचांचे तुकडे कापा, हुकांवर मोज्यासारखे चढवा, आणि स्लिंग स्विव्हलला (रायफलीचा पट्टा अडकवायची कडी) एक रबरबँड, अर्धा आवाज तोच करतो. माझे तुकडे अजून टिकलेत. हल्ली त्यांच्यावर बहुतेक वेळ छत्री असते आणि मुलीचा मासे धरायचा रॉड.