चष्मा लावणाऱ्याने तीन लाखांचा क्लोज्ड हेडफोन घ्यावा का? स्टेलिया, एचडी 820 की डॅन क्लार्क?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डोळ्यांवर कायम चष्मा, ऐकणं मुख्यतः ख्याल-ठुमरी, ऐकायची वेळ रात्रीची. घरातले झोपलेले असतात म्हणून ओपन-बॅक (कपाची मागची बाजू उघडी, आवाज बाहेर जाणारा) नको. तीन लाखांपर्यंत जायची तयारी आहे. यादीत फोकल स्टेलिया, सेनहायझर एचडी 820 आणि डॅन क्लार्कचे ई3 आणि स्टेल्थ. प्रत्येकाला आराम, फिटिंग आणि आवाज यांचे दहापैकी वेगवेगळे गुण द्या म्हणता.

वेगवेगळे गुण देता येणार नाहीत. क्लोज्ड हेडफोनमध्ये फिटिंग बिघडलं की आवाज बिघडतो, आणि फिटिंग घट्ट केलं की आराम जातो. तिन्हींची गाठ एकाच ठिकाणी आहे: कानाभोवती पॅड हवाबंद बसतो की नाही, म्हणजेच सील. आणि तुमच्या बाबतीत नेमकी तिथूनच चष्म्याची काडी जाते.

खालच्या सुरांच्या लहरी लांबच लांब असतात. 70 हर्ट्झची लहर जवळपास पाच मीटरची. ड्रायव्हरची, म्हणजे कपातल्या छोट्या स्पीकरची, एवढीशी पडदी ती लहर तयार करत नाही, कप आणि कान यांच्यामधली हवा दाबते आणि सोडते, आणि त्या दाबालाच आपण बेस म्हणतो. पॅडखाली फट राहिली की वायसर गेलेल्या सायकलच्या पंपासारखी गत होते: दांडा हलतो, हवा बाहेर. ट्रेबलला, म्हणजे वरच्या सुरांना, या फटीचं फारसं सोयरसुतक नसतं. त्यामुळे आवाज बंद पडत नाही, फक्त पातळ होतो, आणि ऐकणारा म्हणतो, "हेडफोन ब्राइट आहे." इंटरनेटवर एकाच मॉडेलबद्दल दोन टोकाची मतं दिसतात, त्यातली निदान काही तरी डोक्याच्या आकाराची, केसांची आणि चष्म्यांची आहेत असं माझं ठाम मत आहे.

ख्यालाच्या हिशेबात सांगतो. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज साधारण 139 हर्ट्झवर येतो. त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे 70 च्या जरा खाली. सील गळत असेल तर मार बसतो तो याच पट्ट्याला. खर्ज तरीही "ऐकू" येतो, कारण जवारीमुळे तारेतून वरचे स्वर इतके भरभरून निघतात की कान मूळ स्वर स्वतःच जुळवून घेतो. पण त्याचं वजन जातं. डग्ग्याचंही तेच: घुमारा आणि घिस्सा आखडतात, उजव्या तबल्याच्या काठावरची चाट मात्र पूर्वीसारखीच खणखणीत राहते. मग तबला गायकाच्या पुढे येऊन बसल्यासारखा वाटतो. तुम्ही ड्रायव्हरला दोष देता आणि ड्रायव्हर बिचारा निर्दोष असतो.

यावर एक सोपी तपासणी आहे. फोनवर तानपुऱ्याचं ॲप लावा, पट्टी काळी एक, खर्ज स्पष्ट ऐकू येईल असा. हेडफोन चष्म्यासकट घाला आणि दोन्ही कप तळहातांनी अगदी हलके, पाव इंचही आत जाणार नाहीत इतपत, डोक्याकडे दाबा. आवाज बदलला नाही तर सील चांगलं आहे. खर्ज एकदम भरून आला तर तो हेडफोन तुमच्या डोक्यावर गळतोय. मग चष्मा काढून पुन्हा करा. फरक चष्म्याचा की जबड्यामागच्या खळग्याचा, तेही कळेल. चष्मा बदलायचा योग असेल तर पातळ धातूच्या सरळ काड्यांची फ्रेम घ्या. जाड प्लास्टिकच्या काड्या सगळ्यात वाईट, कारण त्या पॅडला दोन्ही बाजूंनी उचलून धरतात, आणि तासाभरात कानामागे दुखायला लागतं ते वेगळंच. काही जणांनी सुचवलंय की इक्यूने, म्हणजे ॲपमधल्या इक्वलायझरने, बेस वाढवावा. थोडीफार चव बदलायला इक्यू उत्तम, पण गळतीवर तो इलाज नाही. मान वळवली, आवंढा गिळला की फट बदलते, आणि इक्यूला त्याचा पत्ता नसतो.

आता पैसे नेमके कशाचे लागतात ते. ड्रायव्हर जितका आवाज कानाकडे टाकतो तितकाच मागेही टाकतो. ओपन-बॅकमध्ये तो मागून निघून जातो. क्लोज्डमध्ये तो कपात अडकतो, भिंतीवर आपटतो आणि पातळ पडदीतून परत कानात येतो. कपाची खोली पाच सेंटिमीटर धरली तर त्यात उभी राहणारी पहिली लहर 3400 हर्ट्झच्या आसपास पडते, आणि माणसाचा कान जिथे सगळ्यात तिखट असतो तो भाग हाच. गाणाऱ्याचे उच्चार, सारंगीचा गज, तानपुऱ्याची जवारी, सगळं तिथेच. हा परतणारा आवाज मारायचा कसा, यावर प्रत्येक कंपनीने आपापली वाट काढली आहे, आणि किमतीचा मोठा भाग त्यातच जातो.

सेनहायझरने 2018 मध्ये एचडी 820 काढला तेव्हा ड्रायव्हरमागे आत वळलेली काच बसवली, म्हणजे मागचा आवाज परावर्तित होऊन कडेच्या शोषकांत जावा. कल्पना देखणी, दिसायलाही देखणी. पण मोजमापांत 300 हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसतो आणि त्याच्या खाली बेस फुगतो. गायिकेचा षड्ज बहुधा 200 ते 235 च्या दरम्यान असतो, म्हणजे मध्यसप्तकातला गंधार-मध्यम या खड्ड्याच्या काठावर येतो. शिवाय त्याचे कप प्रचंड मोठे. कान आत ऐसपैस मावतो, 360 ग्रॅम वजन जाणवतही नाही, नुसत्या आरामाला गुण द्यायचे तर पहिला नंबर याचा. पण मोठ्या कपाला टेकायला मोठा चेहरा लागतो. अरुंद जबड्याच्या माणसाला कानाच्या खाली-मागे फट राहते, त्यात चष्मा. तुमच्या यादीतून हा मी आधी काढेन.

स्टेलिया 2019 चा, तेव्हाची किंमत 2,999 डॉलर. सेंत-एतियेनच्या फोकलचा हा सगळ्यात वरचा क्लोज्ड हेडफोन म्हणूनच आला. पडदी 40 मिलिमीटरची, बेरिलियमची: हलकी आणि ताठ. पखवाजाचा किंवा डग्ग्याचा आघात जसा सुटून येतो तसा यादीतल्या दुसऱ्या कुणात मला ऐकू आला नाही. वजन 435 ग्रॅम, हेडबँडची गादी जाड असली तरी टाळूवर एकाच जागी भार येतो असं काही जण म्हणतात. केस विरळ असतील तर लवकर कळेल. पॅड चामड्याचे, मऊ, आणि त्यामुळे चष्म्याच्या काडीभोवती बऱ्यापैकी वळसा घेतात. ट्रेबल मात्र तरतरीत आहे. तार सप्तकातल्या 'आ'काराला आणि स-शच्या उच्चारांना धार येते. जुनी, खरखर असलेली ध्वनिमुद्रणं ऐकत असाल तर ती खरखरही तितक्याच प्रेमाने ऐकवतो.

सॅन दिएगोची डॅन क्लार्क ऑडिओ 2019 पर्यंत मिस्टरस्पीकर्स नावाने ओळखली जायची. तिने 2021 च्या स्टेल्थमध्ये ड्रायव्हर आणि कान यांच्या मध्येच एक जाळीदार भाग बसवला. त्यातल्या बारीक पोकळ्या आणि नळ्या ठरावीक लहरी गिळतात. याला ते मेटामटेरियल म्हणतात, आणि नाव जाहिरातबाज असलं तरी काम खरं आहे: उभ्या लहरींचे ते चावरे उंचवटे जवळपास नाहीसे होतात. तेच तंत्र 2023 च्या ई3 मध्ये आहे, निम्म्या किमतीत: बाजारात आले तेव्हा स्टेल्थ 3,999 डॉलरचा, ई3 1,999 चा. कस्टम ड्युटी आणि जीएसटी धरला की स्टेल्थ तुमच्या आकड्याबाहेर जातो. ई3 चे 455 ग्रॅम कागदावर भीतीदायक वाटतात, पण डोक्यावर चामड्याचा रुंद पट्टा झोळीसारखा बसतो, भार पसरतो, आणि पॅड जाड. हा मी स्टेलियापेक्षा जास्त वेळ घालून बसू शकतो. तक्रार करायचीच तर आघात थोडा सभ्य आहे. तबल्याच्या सोलोला स्टेलिया, विलंबित ख्यालाला ई3, असं मी म्हणेन.

एक मोठा फरक हेडफोनला ताकद पुरवणाऱ्या अँप्लिफायरचा, म्हणजे अ‍ॅम्पचा. स्टेलिया 35 ओहमचा आणि 1 मिलिवॉटला 106 डेसिबल देतो, फोनला साधा डोंगल लावला तरी पुरे. स्टेल्थ 86 च्या घरात आहे. 20 डेसिबलचा फरक म्हणजे तेवढ्याच आवाजाला सुमारे शंभरपट पॉवर. ई3 ची भूकही त्याच जातीची. म्हणजे डॅन क्लार्क घेणार असाल तर बजेटमधून अ‍ॅम्पचे पैसे आधी बाजूला काढा. एचडी 820 300 ओहमचा, त्याला व्होल्टेज लागतं.

तीन लाख टाकले म्हणजे आवाज चांगला असणारच, हा समज सोडा. ध्वनिसंशोधक येरून ब्रेबार्ट यांनी 2017 मध्ये 283 हेडफोनांची मोजमापं तपासली, तेव्हा किंमत आणि फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स (कोणता सूर किती जोरात वाजतो) यांचा काही संबंध सापडला नाही. म्हणून खरेदीआधी बायरडायनॅमिकचा डीटी 770 प्रो एकदा तुमच्या चष्म्यासकट घालून बघा, कुणाकडून मागून आणावा लागला तरी. 1985 पासून चालत आलेलं मॉडेल, 270 ग्रॅम, मखमली पॅड. ट्रेबल टोचतो आणि मध्य जरा मागे असतो, पण तो घातल्यावर तुम्हाला कळेल की जास्तीचे अडीच लाख तुम्ही कशासाठी देताय. बाहेरचा आवाज अडवण्यात तर तो या महागड्यांतल्या काहींना मागे टाकतो. कंपनीचा आकडा सुमारे 18 डेसिबलचा आहे.

हे बाहेरच्या आवाजाचं प्रकरण तुम्ही विचारलं नाहीत, पण आपल्याकडे पंखा असतो. क्लोज्ड कप वरचा आवाज अडवतात; पंख्याची घरघर आणि रस्त्यावरच्या ट्रकचा गुरगुराट खालचा असतो, तो बराचसा आत येतोच. मग हात आवाज वाढवायला जातो. जागतिक आरोग्य संघटनेचा मोठ्यांसाठीचा हिशेब आठवड्याला 80 डेसिबलवर 40 तास असा आहे, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. रात्री तास-दीड तास ऐकणाऱ्याला तो पुष्कळ झाला, फक्त पंख्यावर मात करायच्या नादात 95 ला जाऊ नका.

हवेचाही विचार करा. मुंबई-कोकणात असाल तर चामडं घाम पितं, पावसाळ्यात बुरशी धरतं. कृत्रिम चामडं दमटपणात काही वर्षांत सोलवटतं. ऐकून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने पुसून, सिलिका जेलच्या पुड्या टाकून डब्यात ठेवा. पॅड दबले की कान ड्रायव्हरच्या जवळ जातो आणि आवाज बदलतो, म्हणजे पॅड ही झिजणारी वस्तू समजा आणि विकत घेताना मूळ पॅड भारतात मिळतात का, हे आधीच विचारा. बाहेरचे स्वस्त पॅड लावले तर तो वेगळाच हेडफोन होतो, कधी बरा, बहुधा वाईट. आणि घरात दुसरं कुणी ऐकणार असेल तर कानातल्याचंही बघा. पाळीतली कुडी कपात मावते, वरच्या कडेची बुगडी पॅडखाली येते आणि जाम टोचते.

'साउंडस्टेज', म्हणजे गाणं डोक्याबाहेर पसरल्याचा भास, क्लोज्डमध्ये मिळेल का, हा तुमचा पोटप्रश्न. ओपनइतका नाही. पण तुमच्या ऐकण्यातली जुनी आकाशवाणीची ध्वनिमुद्रणं मोनो असतात. ती कोणत्याही हेडफोनवर डोक्याच्या मधोमधच वाजणार. अलीकडच्या स्टुडिओ रेकॉर्डिंगमध्ये दोन तानपुरे डावी-उजवीकडे ठेवलेले असतात, तेवढी मांडणी यातला प्रत्येक जण दाखवतो. त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका.

तर माझा क्रम: अ‍ॅम्प घ्यायची तयारी असेल तर ई3, फोनवरूनच ऐकायचं असेल तर स्टेलिया. दोन्ही तुमच्याच चष्म्यासकट सलग तासभर घालून बघा, मधे एखादा खाऱ्या दाण्यांचा बकाणा भरून. चावताना जबडा हलतो आणि सील सुटतं की नाही ते लगेच समजतं. दुकानात तेवढा वेळ बसू देत नसतील तर परत घेण्याची अट लेखी असल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि वेगळी महागडी केबल घ्यावी का, तर: नको. स्टेलियासोबत 1.2 मीटरची साधी आणि 3 मीटरची चार पिनांच्या एक्सएलआर जोडाची, अशा दोन येतात. तुमच्या अ‍ॅम्पला 4.4 मिलिमीटरचं भोक असेल तरच तिसरी घ्या, आणि तीही स्वस्तातली.